चौथं कडवं

आमच्या भागात नळ सोडायला येणारे भाऊ गाणी लिहितात, हे मला लग्न होऊन चार वर्षं झाल्यावर कळलं. तोवर मी त्यांना फक्त त्यांच्या चावीवरून ओळखत होते. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. कमरेच्या वर येणारी लोखंडी दांडी, तिला डोक्यावर आडवा दांडा, आणि तिच्या खालच्या टोकानं रस्त्यातल्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह फिरवायचा. यवतमाळात पाण्याची वाट कशी पाहावी लागते ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे या माणसाशी कोणी वाकडं बोलत नसे. बायका चहा विचारायच्या. ते घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "चहा पेलो का पाच मिन्टं जास्त सोडा लागते. मंग खालच्या गल्लीतल्या बाया मले श्राप देतात."

मी नळाखाली गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, भरताना गायची. लग्नाआधी पुसदला आर्केस्ट्रात गात होते, चार-पाच गावांत नाव होतं. सासरी आल्यावर भजनी मंडळ आणि नळ, एवढेच दोन स्टेज उरले. एक दिवस भाऊ खड्ड्यापाशी पाणी सुटायची वाट पाहत बसले होते, ते उठून आमच्या फाटकाशी आले.

"ताई, तुमचा आवाज खराब होऊन राह्यला."

मला राग आला. म्हटलं, "काहून? काय झालं आवाजाले?"

"काही नाही झालं. गुंडायले आयकवून राह्यल्या तुमी. गुंड काय दाद देते?" आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून एक लग्नपत्रिका काढून माझ्या हातात दिली.

पत्रिका कोणाची तरी जुनी होती. मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेननं गाणं लिहिलेलं होतं. पुढं त्यांची सगळी गाणी मी अशीच पाहिली. एका बाजूनं गणपती, खाली वधूवरांची नावं, दुसऱ्या बाजूनं भाऊ. मी एकदा विचारलं, कागद मिळत नाही का तुम्हाला? तर म्हणाले, "गणपतीचं तोंड तिकडं आहे. त्याले दिसत नाही मी इकडं काय लिहून राह्यलो. मोकळं लिहिता येते."

त्या पहिल्या पत्रिकेवर पोरगी सोडून गेल्याचं गाणं होतं. डीजेवर वाजतात तसलं, मोबाईलवर पोरं ऐकतात तसलं. पण धृपद असं होतं:

तुह्या गल्लीत आलो, दार बंद पाह्यलं,
देवा, तुह्यंबी दार काहून बंद राह्यलं?

मी म्हटलं, "भाऊ, प्रेमाच्या गाण्यात देव कायले घातला?"

ते खरंच गोंधळले. म्हणाले, "आता पाहा. पोरगी गेली. दोस्त हसतात. घरी सांगता येत नाही. मंग तो पोट्टा बोलन कोनासंग?"

मी ते गाणं गायले. लोहाऱ्याच्या रस्त्याला टाइल्सच्या दुकानावर एक खोली होती, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, पंखा बंद करून घामाच्या धारांत रेकॉर्डिंग करायचं. त्याला स्टुडिओ म्हणायचे. स्टुडिओवाला बाकी दिवस लग्नाच्या शूटिंगला जायचा. गाणं चाललं. वरातीत पोरं नाचायला लागली, स्टेटसला ठेवायला लागली. त्यानंतर सहा वर्षं आमचं तिघांचं जमलं. भाऊंनी मला गुंडांपुढून उठवून माणसांपुढं उभं केलं. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, माझ्या माहेरानंही नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी काय केलं तेही मला सांगायचं आहे.

स्टुडिओवाल्याची एकच तक्रार असायची. "भाऊ, देव कमी करा न जरा. पोरगी वाढवा." भाऊ म्हणायचे, "पोरगी दोन कडव्यायत संपते बाप्पा. मंग काय राह्यते?" तिसऱ्या कडव्यात ते देवाशी बोलायला लागायचेच. आणि ते बोलणं आपल्या आरत्यांसारखं नव्हे. ऑफिसात साहेबासमोर उभा राहून माणूस अदबीनं पण चिवटपणानं विचारतो, तसं. हळदीत नाचायचं एक गाणं मागितलं तर त्यांनी लिहून आणलं:

हळद नवरीले, हळद नवऱ्याले,
रडनं देवा, कोनाच्या वाट्याले?

स्टुडिओवाल्यानं कपाळाला हात लावला. तरी ढोलकी अशी जमली होती की गाणं उचललं गेलं. केळापूरकडच्या एका लग्नात आम्ही गेलो होतो, तिथं हळदीत हे लागलं. सगळा मांडव नाचत होता. नवरीची आई मात्र डीजेवाल्याकडं जाऊन ते पुन्हा लावायला सांगत होती. पुन्हा, पुन्हा. चौथ्या वेळी ती खांबाला टेकून रडत होती. भाऊ माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "ताई, एकीच्या कानात गेलं." एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर पुन्हा कधी पाहिला नाही. दोनशे माणसं नाचली त्याचं त्यांना काहीच नव्हतं. शब्द कोणाच्या तरी कानात गेला पाहिजे, बस.

जयंतीच्या मिरवणुकीसाठी बौद्ध वस्तीतली पोरं गाणं मागायला आली, त्यांना भाऊ म्हणाले, "तुमच्या लोकायनं प्रश्न विचारला अन् उत्तर घेऊन मोकळे झाले. माहं अजून अडकून आहे. मी काय लिहू तुमच्यासाठी?" पोरांना वाटलं टाळतात. ते टाळत नव्हते. त्यांचं खरंच अडकलेलं होतं.

मंगळवारी ते बायकोला देवीच्या देवळात घेऊन जायचे आणि स्वतः बाहेर थांबायचे. हातात चपला. बायकोच्या, आणि ओळखीची कोणी दिसली तर तिच्याही. आत कधीच जायचे नाहीत. मला आधी वाटलं मानत नसतील. मग लक्षात आलं की देवीचं गाणंही ते लिहीत नाहीत. आता यवतमाळात राहून, गाणी लिहून, देवीचं गाणं लिहायचं नाही म्हणजे काय? इथलं नवरात्र म्हणजे आमच्यासारख्यांची दिवाळी. गल्लोगल्ली मंडळं, प्रत्येकाला नवं गाणं पाहिजे. मंडळाचे लोक दरवर्षी भाऊंच्या मागे लागायचे आणि दरवर्षी भाऊ हात जोडायचे.

एकदा मी चिडून म्हटलं, "देवीनं तुमचं काय घोडं मारलं?"

ते म्हणाले, "ताई, माही अर्जी लागून आहे तिच्यापाशी. अर्जी लागून असताना साहेबाची तारीफ केली तं ते लाच होते. निकाल लागू द्या. मंग लिहितो."

अर्जी कशाची ते आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांना एकच पोरगी. तिला सिकलसेल. आमच्याकडं हा आजार घराघरांत आहे, सांगायचं लोक टाळतात. थंडी पडली, पाऊस लागला की तिचे हातपाय ठणकायचे, रडून रडून घसा बसायचा, मग दवाखाना, रक्ताची पिशवी, पुन्हा घर. पण ठीक असली की काय तोंड चालायचं तिचं. चौदा वर्षांची, एवढीशी दिसायची, अंगावर भर उन्हाळ्यात शाल. स्टुडिओत यायची तेव्हा बापाचं गाणं वाचून म्हणायची, "बाबा, देवाले प्रश्न विचारू विचारू थकवून टाकलं तुमी. एकखांदं जोक टाका." भाऊ मान डोलवायचे आणि खरंच काहीतरी बदलायचे. आमच्या गल्लीत अष्टमीला नऊ पोरींना जेवू घालतात, पाय धुतात, कुंकू लावतात. दरवर्षी ती नववी असायची. सगळ्यात मोठी असून शेवटी बसायची, कारण तिला उठाय-बसायला वेळ लागायचा.

भादव्यात ती गेली. तीन दिवस दुखत होतं, चौथ्या दिवशी छातीत भरलं, नागपूरला न्यायला गाडी केली, ती गाडी अर्ध्या वाटेतून परत आली.

पाचव्या दिवशी भाऊ चावी घेऊन नळ सोडायला आले. गल्लीतल्या बायांना गुंड लावायची लाज वाटत होती. कोणी बाहेरच येईना. तेव्हा तेच फाटकं वाजवत फिरले. "भरा बाप्पा, भरा. मंग चार दिवस नाही येत." खड्ड्यापाशी बसले तर काही लिहायचे नाहीत, नुसते पाण्याचा आवाज ऐकत बसायचे. मी दोनदा जवळ जाऊन उभी राहिले. परत आले.

घट बसायला आठ दिवस होते तेव्हा ते माझ्याकडं आले आणि एक कागद दिला. वहीचा साधा कागद होता. दोन्ही बाजू कोऱ्या, एकीवर गाणं.

"निकाल लागला," ते म्हणाले. "आता लिहाले हरकत नाही."

गाणं देवीचं होतं. धृपद वाचूनच मला चाल सुचली:

आली माय, आली माय, उंबरा झाडा गं,
वात जरा वाढवा, दार उघडा गं.

पहिल्या कडव्यात घर सारवणं, दुसऱ्यात ओटी भरणं, तिसऱ्यात पंगतीचे पाट मांडणं. इतकं साधं आणि इतकं गोड त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. आणि मग चौथं:

आठ पाटावर आठ पोरी, नववा पाट खाली,
माय म्हनून बलावली, तू कोन होऊन आली?

याच्यापुढं आणखी दोन ओळी होत्या. त्या मी आजही लिहीत नाही. माझ्या घरात लेकरं आहेत.

भाऊ म्हणाले, "पयले तीन कडवे लोकायसाठी आहेत. गोड लागले का लोक लावतीन. नऊ दिवस लावतीन. अन् तीही जवळ येऊन आयकन, तारीफ कोनाले आवडत नाही? ती जवळ आली का मंग चौथं. अर्जी फेटाळली तिनं, ठीक आहे, तिची मर्जी. पन कारन विचाराचा हक्क आहे का नाही मानसाले?"

मी म्हटलं, "आहे."

"बस. मंग येवढं तिच्या कानात घाला. तुमच्याच आवाजानं जाइन, माह्या नाही जात." आणि जाता जाता फाटकातून वळून म्हणाले, "चौथं कापू नका ताई. बाकी काही कापा."

रेकॉर्डिंगच्या दिवशी पाइपलाइन फुटली म्हणून ते येऊ शकले नाहीत. माझी धाकटी त्या दिवशी तापानं फणफणली होती. सासूजवळ सोडून आले होते. तीन कडवी मी एका दमात गायले. स्टुडिओवाल्यानं अंगठा दाखवला. चौथं सुरू झालं. पहिली ओळ गायले. 'माय म्हनून बलावली' इथपर्यंत आले आणि तोंड मिटलं. म्हणजे घसा बसला नाही, रडू आलं नाही. मीच मिटलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: आवाज माझा आहे. देवी काय कागद वाचणार आहे? ती आवाज ऐकणार. एका आईच्या तोंडून हे गेलं आणि तिनं ते माझं समजलं, तर? माझ्या घरी तापानं फणफणलेली पोर आहे. तिनं कारण माझ्या घरी येऊन सांगितलं, तर?

मी कानावरचे हेडफोन काढून ठेवले. म्हटलं, "मी हे नाही गात."

स्टुडिओवाला तर सुटल्यासारखा झाला. म्हणाला, "मी म्हनतच होतो, मंडळवाले हे लावू देतीन का? तीनच बरे आहेत." चौथ्याच्या जागी त्यानं धृपद पुन्हा जोडलं, वर जयजयकार टाकला. मी विचारलं, भाऊंना कोण सांगणार? म्हणाला, मी सांगतो. त्यानं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मला माहीत होतं तो सांगणार नाही, तरी मी घरी गेले, पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि सकाळी तिचा ताप उतरला तेव्हा मला वाटलं, बघ, बरं झालं.

ते गाणं इतकं चाललं की विचारू नका. पहिल्या माळेपासून ज्या गल्लीत जावं तिथं तेच. दारव्ह्याहून फोन, पांढरकवड्याहून फोन. तिसऱ्या माळेला आमच्याच भागातल्या मंडळानं मला स्टेजवर गायला बोलावलं, संध्याकाळच्या आरतीनंतर. मांडव भरला होता. मागं, खुर्च्यांच्याही मागं, भाऊ उभे होते, चावी हातात, ड्यूटीवरून सरळ आलेले. गाण्यात इतके दिवस काय वाजत होतं ते त्यांनी ऐकलंच असणार. तरी आले होते. वाटलं असेल, रेकॉर्डिंगला कापलं, स्टेजवर तरी मी गाईन.

मी पहिलं गायले. दुसरं गायले. तिसरं संपताना मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान वर केली होती आणि मूर्तीकडं पाहत होते. माझ्याकडं नाही. ती ऐकते आहे का, ते पाहत होते.

मी धृपदावर आले. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, जयजयकार सुरू झाला. भाऊ तसेच उभे होते. शेजारच्यानं त्यांना ओळखलं आणि पाठीवर थाप मारली, "काय गाणं लिहिलं भाऊ, काटा आला अंगावर." त्यांनी मान हलवली. मग चावी खांद्यावर टाकली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पाणी वेळेवर आलं. त्यांनी मला शिवी द्यायला पाहिजे होती. आमच्या वाट्याचं पाणी तोडायला पाहिजे होतं. मी ते सोसलं असतं, मला हलकं वाटलं असतं. पण ते फाटकाशी नेहमीसारखं "भरा ताई" म्हणाले आणि खड्ड्यापाशी जाऊन बसले. त्याला आता तीन वर्षं झाली. त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिलेली नाही. कोणी मागितलं तर म्हणतात, "संपलं बाप्पा."

त्याच वर्षी, दसरा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. तेवढी हिंमत करायला मला तितके दिवस लागले. मनाशी ठरवलं होतं की पायावर डोकं ठेवायचं आणि म्हणायचं, आता गाते, चारही कडवी गाते. दार वहिनींनी उघडलं. त्यांनी मला पाहिलं आणि एकदम गळ्यात पडल्या. मला हाताला धरून आत नेलं. भिंतीवर पोरीचा फोटो, खाली देव्हारा, देव्हाऱ्यात दिवा, आणि शेजारी उभा करून ठेवलेला मोबाईल.

"ताई, पोट्टी गेली तईच मी हा देव्हारा बंद केलता," वहिनी म्हणाल्या. "दिवा नाही, फूल नाही. मले वाटे उचलून नाल्यात टाकून द्याव सारं. मंग हे गाणं आलं. यायनं लिहिलं, यायनं. ज्या मानसानं महिनाभर तोंड उघडलं नाही, त्यायनं देवीले घरात बलावलं. मी म्हटलं, बापानं माफ केलं तं मी कोन लागून गेली? तईपासून रोज सकाळी लावतो. तुमचा आवाज आला का मले वाटते पोट्टी उठली." आणि त्यांनी मला ऐकवायला ते गाणं लावलं.

भाऊ खाटेवर बसले होते. त्यांनी खाली पाहत पूर्ण ऐकलं. माझ्या आवाजातलं, धृपद दोनदा जोडलेलं. त्या घरात ते रोज वाजत होतं आणि तो माणूस रोज तिथंच बसून ऐकत होता, हे मला त्या क्षणी कळलं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

मी निघाले तेव्हा ते वळणापर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "भाऊ, कागद माझ्यापाशी आहे. मी गाते. स्टुडिओवाला नाही म्हणाला तर मोबाईलवर गाते. आज गाते, आत्ता गाते."

"नको," ते म्हणाले. "तिचा देव्हारा बंद पडन."

"पण तुमचं म्हणणं?"

"माहं म्हननं गेलंच नाही वर. गेली ते आरती गेली. देवीले वाटत असन हा मानूस खुश आहे, याचं भागलं. आता कोन सांगते तिले?" ते हे रागानं बोलत नव्हते. हिशेब चुकलेल्या माणसाचाही आवाज एवढा सपाट नसतो. "वाटू द्या. घरात एक जन उठून दिवा लावते, पुष्कळ झालं. कागद जाळून टाका."

मग मी सांगून टाकलं. पोरीला ताप होता, मला भीती वाटली, तुमचं दुःख माझ्या घरात येईल असं वाटलं म्हणून मी तोंड मिटलं. सांगताना मी त्यांच्याकडं पाहू शकत नव्हते. रस्त्याकडं पाहत होते.

"मले समजलं होतं," भाऊ म्हणाले. "तुमी काही चूक नाही केली ताई. माही पोट्टी जिती असती, तं मीबी तीन कडव्यायवरच थांबलो असतो."